डांबराखाली काय होतं, ते तुम्हाला माहीत होतं

महाशय,

तुमचं नाव या पत्रात लिहिणार नाही. ते ज्या कागदावर लिहायला हवं त्यावर लिहून झालं आहे आणि तो कागद टपालाने तुमच्या पत्त्यावर निघाला आहे. हे दुसरं पत्र उघडं आहे आणि मराठीत आहे, कारण ते तुमच्याइतकंच तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकासाठीही आहे. इंग्लंडात नोकरीला आलेली, घरभाड्यापायी मेटाकुटीला आलेली आपली काही मुलं कालव्यातल्या जुन्या नॅरोबोटींकडे घर म्हणून बघायला लागली आहेत. त्यांतलीच एक माझी भाची. तिला आणि तिच्या नवऱ्याला तुम्ही १९९१ सालची, ४७ फुटी बोट ३४ हजार पौंडांना विकलीत. त्यात दोघांची शिल्लक होती आणि रत्नागिरीत निवृत्त झालेल्या माझ्या बहिणीच्या प्रॉव्हिडंट फंडातला मोठा हिस्साही होता.

आधी तुमच्या कामाचं श्रेय तुम्हाला देते. रंग उत्तम होता. गडद हिरवा, कडेला लाल पट्टी, दारांच्या आतल्या बाजूला गुलाब आणि किल्ले, ही कालव्यावरची जुनी चित्रकला, तीही हाताने काढलेली. आतल्या पाइनच्या फळ्या नव्या, फरशी नवी, शेगडीमागच्या टाइल नव्या, पितळी दिवे घासूनपुसून लख्ख. पोरं बघायला आली तेव्हा शेगडी पेटलेली होती, तिच्यावर निळी एनॅमलची किटली होती आणि आत कॉफीचा वास होता. इतकं नेटकं काम ज्याला जमतं, त्याला बोटीतलं काही कळत नाही असं म्हणायची सोय उरत नाही. म्हणून 'नजरचुकीने राहून गेलं असेल' हा संशयाचा फायदा मी तुम्हाला देत नाही. काय कुठं झाकायचं ते तुम्हाला नेमकं ठाऊक होतं. रंग लावायचा ब्रश तुम्ही जिथं जिथं फिरवलात, तिथं तिथं तुमची माहिती दिसते.

नॅरोबोट विकत घेणारा खरं तर काय विकत घेतो? ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम १७६६ मध्ये सुरू झालं, तेव्हा जेम्स ब्रिंडलीने बोटी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजांचे हौद, म्हणजे लॉक, जेमतेम सात फूट रुंद ठेवले. तेव्हापासून मिडलंड्समधल्या अरुंद कालव्यांतून जायचं तर बोट ६ फूट १० इंचांच्या वर रुंद असून चालत नाही. आजच्या राहत्या नॅरोबोटी याच मापाच्या, पोलादी पत्रा जोडून केलेल्या. त्यांतलं इंजिन बदलता येतं, बॅटऱ्या बदलता येतात, शेगडी, खिडक्या, पाण्याचा पंप, बिछाना, सगळं हळूहळू पगारातून बदलता येतं. पाण्याखालचा पत्रा तेवढा असा हळूहळू बदलता येत नाही. तो गेला की बोट गेली. जुन्या बोटीची किंमत म्हणजे त्या पत्र्याची किंमत, बाकीचं सगळं त्यावरचं सामान. तुम्ही सामान विकलंत आणि भाव पत्र्याचा घेतलात.

मी मूळची मालवणची. आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या वाळूवर ओढून घेतात. नारळी पौर्णिमेपर्यंत त्या तशाच, तळ उघडा टाकून, गावासमोर पडलेल्या असतात. कुठली फळी कुजली, कुणी नुसताच रंग फासला, हे येणारा-जाणारा बघतो आणि तोंडावर बोलतोही. कालव्यातल्या बोटीला असा ऋतू नाही. दोन-तीन वर्षांनी एकदा डांबराचा हात द्यायला ती पाण्याबाहेर येते, आठवड्याभरात परत आत जाते, आणि मधल्या काळात तिच्या तळाबद्दल जे काही माहीत असतं ते मालकालाच. तुमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता कागदपत्रांचं. भाचीने विचारलं, बोट सुरक्षित आहे ना? तुम्ही तिच्या हातात बोट सेफ्टी स्कीमचं सर्टिफिकेट ठेवलंत, अवघं चार महिन्यांपूर्वीचं, आणि म्हणालात, 'सगळं तपासून झालंय, पास आहे.' हे सर्टिफिकेट दर चार वर्षांनी घ्यावं लागतं. त्याशिवाय लायसन्स मिळत नाही. त्यात गॅसची जोडणी, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, हवेची भोकं, आग विझवण्याची साधनं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासतात. स्फोट होऊ नये, आग लागू नये, माणूस झोपेत गुदमरू नये, यासाठी ती तपासणी आहे आणि ती फार मोलाची आहे. पत्रा किती मिलिमीटर उरला आहे, हे त्यात कुणी बघत नाही. बोट तरंगेल की नाही हा प्रश्नच त्या कागदावर नाही. हा फरक तुम्हाला माहीत होता. नवख्या माणसाला तो माहीत नसतो, हेही तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही 'सुरक्षित' या शब्दाला त्या कागदाने उत्तर दिलंत.

याची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण या देशाने एके काळी याहून बरं करून दाखवलं होतं. रेल्वे आली, कालव्यावरच्या मालवाहतुकीचे दर कोसळले आणि बोटवाल्यांना किनाऱ्यावरचं घर परवडेनासं झालं. बायका-मुलं बोटीवर राहायला आली. मागच्या टोकाच्या दहाएक फुटांच्या केबिनमध्ये अख्खा संसार. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांनी त्या मुलांसाठी रान उठवलं आणि १८७७ मध्ये कॅनल बोट्स ॲक्ट झाला. राहत्या बोटींची नोंदणी सुरू झाली, कोणत्या केबिनमध्ये किती माणसं झोपू शकतात ते ठरलं. १८८४ च्या दुरुस्तीने तपासणीला बळ आलं. घर म्हणून जी बोट वापरली जाते ती माणसाला राहण्याजोगी आहे का, हे सरकारने स्वतःहून विचारायचं, एवढी अक्कल व्हिक्टोरियाच्या राज्यात आली होती. आज पुन्हा भाडं परवडत नाही म्हणून माणसं बोटीवर येताहेत, आणि तळाचा पत्रा बघायची सक्ती कुणावरच नाही. तीन वर्षांहून जुनी गाडी रस्त्यावर आणायची तर दरवर्षी एमओटीची तपासणी असते. माणसं ज्यात झोपतात त्या बोटीला तेवढंही नाही. ही फट तुम्ही पाडलेली नाही. तुम्ही त्या फटीत दुकान थाटलंत.

फरशीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमचा हेतू तिथं पुराव्यानिशी सापडतो.

बहुतेक नॅरोबोटींत केबिनच्या मागच्या टोकाला, पायऱ्यांपाशी, फरशीत हातभर लांबीचं एक झाकण असतं. बोट मागच्या बाजूला किंचित खाली बसते, त्यामुळे शॉवरची गळती असो, खिडकीतून आलेलं पावसाचं पाणी असो की थंडीत आतून पत्र्यावर धरणारं दव असो, ते वजनासाठी ठेवलेल्या विटांमधून वाट काढत शेवटी तिथं येऊन साचतं. झाकण उचलायचं, हात घालायचा, हात कोरडा निघाला पाहिजे. बोट बघायला गेलेल्या माणसाने करायची ही पहिली गोष्ट. तिला पैसा लागत नाही, टॉर्च असला की झालं. तुमच्या बोटीत ते झाकण नव्हतं. म्हणजे होतं, पण तुम्ही त्याला आठ स्क्रू मारले होते, डोकी भरून सपाट केली होती आणि वरून नव्या लॅमिनेटच्या पट्ट्या सलग नेल्या होत्या. आम्ही त्या पट्ट्या कापल्या. खाली बोटभर तपकिरी पाणी होतं आणि पत्र्यावरून गंजाचे पापुद्रे नखानेसुद्धा निघत होते. स्क्रू मात्र नवेकोरे होते, पितळी. गंजू नयेत याची काळजी तुम्ही स्क्रूंच्या बाबतीत घेतलीत.

बाहेरून काय होतं ते सर्व्हेच्या दिवशी कळलं. परिपूर्ण विमा घ्यायचा तर इतक्या जुन्या बोटीचा सर्व्हे कंपनी मागते, म्हणून भाचीने तो ठरवला. क्रेनने बोट उचलून ठोकळ्यांवर ठेवली. सर्व्हेअर उतारवयाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी खरवडणीने ठिकठिकाणी डांबर काढलं, पत्रा उघडा केला आणि अल्ट्रासाऊंडच्या यंत्राने जाडी मोजत खडूने तिथंच आकडे लिहीत गेले. बोट मुळात ६-५-४ ची. म्हणजे तळाला सहा मिलिमीटर, बाजूंना पाच, वरच्या केबिनला चार. नव्या बोटींना बहुधा १०-६-४ असतो. पुढच्या भागात आकडे चांगले निघाले: ४.७, ४.६. पाण्याच्या रेषेवर ४.१. विमा कंपन्यांना साधारण चार मिलिमीटर तरी उरलेला लागतो, तेव्हा तिथपर्यंत आमचा जीव भांड्यात होता. मग न्हाणीघराची बाजू आली. खरवडणीखाली डांबराबरोबर करड्या रंगाचा लगदा निघायला लागला. गाडीच्या पत्र्याचे पोचे भरायला जे भरतात ते. एकेक खड्डा तुम्ही हाताने भरून, घासून, सपाट करून त्यावर डांबर चढवलं होतं. सर्व्हेअरांनी खड्डे रिकामे केले, खोली मोजायचं माप आत घातलं आणि प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला. पत्रा ३.४, खड्डा १.६. त्याच्या पलीकडे आणखी एक, आणखी दोन. खड्ड्याच्या तळाशी शिल्लक १.८ मिलिमीटर. एका गोलापाशी त्यांनी उचललेली हातोडी परत खिशात ठेवली आणि म्हणाले, इथं ठोकलं तर आरपार जाईल.

भाची नर्स आहे. आकडे वाचणं आणि चेहरा सरळ ठेवणं हे तिचं रोजचं काम. तिने प्रत्येक गोलाचा फोटो काढला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, आम्ही गेले दीड महिने याच भिंतीला पाठ लावून झोपतोय ना?"

हो. पलंग तुम्ही बरोबर त्याच बाजूला बांधून दिला होता.

गंज कुठून आला, तेही लिहिते, कारण पुढच्या माणसाला ते उपयोगी पडेल. बोट मरीनामध्ये किनाऱ्यावरच्या विजेला जोडून वर्षानुवर्षं उभी राहिली की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात आणि ज्या बोटीचं संरक्षण कमी तिचं पोलाद पाण्यात जायला लागतं. ते थांबवायला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची छोटी पेटी लागते. तुमच्या बोटीत ती नव्हती. पत्र्याऐवजी आपण झिजावं म्हणून तळाला मॅग्नेशियमचे ॲनोड जोडतात. तुमच्या बोटीचे झिजून नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या. तुम्ही त्या पट्ट्यांवरही डांबर फिरवलंत. ॲनोडवर डांबर लावलं की तो काम करत नाही, हे कालव्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि आतून, न्हाणीघराखालच्या गळतीने, तोच पत्रा दुसऱ्या बाजूने खाल्ला. दोन्हीकडून एकाच जागी.

उपाय आहे. जुन्या पत्र्यावर बाहेरून नवा पत्रा जोडायचा. पोरांना त्याचा अंदाज मिळाला आहे ८,६०० पौंडांचा, आणि तो केल्यावरही बोट पूर्वीची राहत नाही. जादा पोलादाने ती खोल बसते. शॉवरचं पाणी बाहेर सोडणारी, इंजिनखोलीत हवा आणणारी भोकं पाण्याच्या तेवढी जवळ येतात. लॉकमध्ये बोट जरा तिरकी झाली तर त्या भोकांतून पाणी आत यायला वेळ लागत नाही. मग त्यांची जागा बदला, तळातल्या विटा काढून वजन पुन्हा जुळवा. शिवाय वेल्डिंगच्या वेळी आतल्या बाजूचं इन्सुलेशन पेट घेऊ शकतं, म्हणून तुमच्या त्या सुंदर पाइनच्या फळ्या उचकटाव्या लागणार. काही फळ्या काढून बघितल्यावर पॉलिस्टायरीनचे तुकडे आणि त्यांना चिकटलेल्या वायरी निघाल्या. पॉलिस्टायरीन वायरीच्या वेष्टनातला मऊपणा शोषून घेतं, वेष्टन कडक होऊन तडकतं. म्हणजे वायरिंगही आलं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

तुमच्या बाजूने एक युक्तिवाद तुमच्या वकिलाला सुचेल: पोरांनी आधी सर्व्हे का नाही केला? त्याचंही उत्तर तुमच्याच निरोपांत आहे, तारखांसकट. भाचीने सर्व्हेबद्दल विचारलं होतं. तुम्ही लिहिलंत, गेल्या वर्षीचाच सर्व्हे आहे, कॉपी देतो, उगाच क्रेनचा खर्च कशाला. आणि संध्याकाळी एक जोडपं रोख पैसे घेऊन येतंय. ती कॉपी व्यवहारानंतर आली. तीन पानं. पत्र्याच्या जाडीचं कोष्टक ज्या पानावर असायला हवं ते चौथं पान नव्हतं. ज्याने पैसे भरून सर्व्हे करवला त्याच्याशीच सर्व्हेअर बांधील असतो. दुसऱ्याच्या सर्व्हेवर विसंबून घेतलेल्या बोटीसाठी तो सहसा जबाबदार धरता येत नाही. हेसुद्धा तुम्हाला ठाऊक होतं.

म्हणून पुढच्या गिऱ्हाइका, बाळा किंवा बाई, तू जो कोणी असशील, ऐक. तुझ्याकडे ३५ हजार असतील तर ३५ हजारांची बोट बघू नकोस, तिसाची बघ. उरलेले पाच तुझे नाहीत, ते बोटीचे आहेत. भाव ठरव, इसारा दे, पण 'सर्व्हे पास झाला तर' हे कागदावर लिहून घे आणि सर्व्हेअर तू नेम, विकणाऱ्याने सुचवलेला घेऊ नकोस. क्रेन आणि सर्व्हे मिळून हजार पौंडांच्या घरात जातील. बोट घ्यायची नाही असं ठरलं तर ते हजार तुला वाया गेलेसे वाटतील. माझ्या भाचीला विचार ते वाया गेले असते का. लांबीचा हव्यास धरू नकोस. दोन माणसांना ४५ फूट पुरतात, लायसन्स लांबी-रुंदीच्या हिशेबाने पडतं, डांबर लांबीच्या हिशेबाने लागतं, आणि ५७ फुटांच्या आतली बोट उत्तरेकडच्या आखूड लॉकमधूनही बहुतेक जाते. इंजिन सुरू करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा आणि थंड इंजिन तुझ्यासमोर चालू करायला सांग. जुनं बीएमसी १.५ किंवा लिस्टर असेल तर घाबरू नकोस, त्यांना सुटे भाग मिळतात आणि समजणारी माणसंही. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथं थेंब-थेंब पाणी चालतं, धार चालत नाही. गालिच्याचे कोपरे उचल. ताजं डांबर दिसलं की खूश होऊ नकोस. कधी लावलं, कुणी लावलं, लावण्याआधीचे फोटो आहेत का, ते विचार. मालकीचं सरकारी नोंदणीपुस्तक इथं घरासारखं नसतं, लायसन्स म्हणजे मालकी नव्हे. तेव्हा विक्रीखताची साखळी, जुन्या पावत्या, बोटीवर कर्ज आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे पाठवू नकोस. आणि संध्याकाळी कुणी रोख घेऊन येतंय असं कळलं, तर येऊ दे त्याला.

परत तुमच्याकडे येते, कारण एक गोष्ट राहिली. मुरिंगचं, म्हणजे बोट कायमची बांधायच्या जागेचं, भाडं नको असेल तर फिरत राहा, फुकटात राहता येतं, असं तुम्ही दोघांना सांगितलंत. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टने कायमची जागा नसलेल्या बोटीला खरोखर प्रवासासाठी बोट वापरायची अट घातली आहे आणि सर्वसाधारणपणे एका जागी १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. दोन पुलांमध्ये मागे-पुढे करून तो प्रवास होत नाही. २०१२ पासून कालवे सांभाळणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट हे बघतो, आणि २०२४ पासून अशा फिरत्या बोटींच्या लायसन्सवर जादा आकार लागू झाला आहे, तो २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ टक्क्यांवर जाणार आहे. रुग्णालयात पाळ्या करणाऱ्या मुलीला दर पंधरवड्याला पुढच्या गावी बोट न्यायची, तिथून बस शोधायची, हिवाळ्यात लॉकच्या दुरुस्त्या निघाल्या की अडकायचं. तरीही पुष्कळ माणसं हे आनंदाने करतात, मी त्यांच्यातलीच आहे, आणि हे आयुष्य मला जमिनीवरच्या कुठल्याही घरापेक्षा प्रिय आहे. ब्राउन्स्टनच्या वळणावर पहाटे ऑक्सफर्ड कालव्यावरून धुकं उठताना चहा घेतलेला माणूस सहजी फ्लॅटमध्ये परत जात नाही. म्हणून तर तुमच्यावर इतकी संतापले आहे. ही पोरं इथं रमली असती. तुम्ही त्यांना दीड महिन्यात पाण्याची भीती घालून दिलीत. भाची आता रात्री उठून फरशीचं झाकण उघडते आणि हात घालून बघते.

शेवटी किटली. ती निळी, एनॅमलची, टोटीपाशी टवका उडालेली. तुम्ही भाचीला सांगितलंत की बायकोला दिवस गेलेत, म्हणून जड मनाने आमची एकुलती एक बोट विकतोय. आणि कागदावर 'खासगी विक्री' लिहिलंत. ती किटली मला आणखी तीन बोटींच्या जाहिरातींतल्या फोटोंत दिसली, तीन वेगळ्या शेगड्यांवर, तीन वेगळ्या नावांच्या बोटींत, टोटीपाशी त्याच टवक्यासह. एका जाहिरातीत संपर्काचा फोन तोच. नव्या फरशीच्या पट्ट्याही त्याच. खासगी माणसाने एकदाच घर विकणं वेगळं आणि बोटी घेऊन, रंगवून, विकून पोट भरणं वेगळं. दुसऱ्याला कायदा व्यापारी म्हणतो आणि व्यापाऱ्याला २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट लागतो: माल समाधानकारक दर्जाचा असला पाहिजे, वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. तुम्ही खासगी विक्रेतेच आहात असं न्यायालयाने मानलं, तरी गेल्या वर्षीच्या सर्व्हेची जी खोटी हमी तुम्ही लिहून दिलीत, तिला १९६७ चा मिसरिप्रेझेंटेशन ॲक्ट आहे. निरोप, तीन पानांचा सर्व्हे, खडूच्या आकड्यांचे फोटो, आठ स्क्रू आणि चारही किटल्या फाइलला लावल्या आहेत.

मागणी एवढीच आहे. नव्या पत्र्याचे ८,६०० पौंड आणि सर्व्हे व क्रेनचे १,१००, मिळून ९,७००. दहा हजारांच्या आतले दावे इथं छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जातात आणि तिथं वकील लागत नाही. भाची स्वतः उभी राहणार आहे, मी तिच्या शेजारी. नोटीस तुम्हाला मिळाल्यापासून १४ दिवस मुदत आहे. आणि या आठवड्यात तुम्ही जी ५० फुटी, लाल रंगाची बोट विकायला काढली आहे, तिच्या पायऱ्यांपाशी फरशीचे स्क्रू काढून ठेवा. शनिवारी ती बघायला एक मराठी जोडपं येणार आहे. टॉर्च घेऊन मी त्यांच्याबरोबर असेन.

ग्रँड युनियन कालव्यावरून,
एका नर्सची मावशी